प्रथिन कुठल्या तुकड्यात पाहिले, तेही छापा

संपादक महोदय,

परवा रात्री सव्वाअकराला आपल्या आरोग्यपानावरच्या एका कात्रणाचा फोटो माझ्या फोनवर आला. पाठवणारा माझा भाचा. मथळा असा होता की गुदाशयाचा कर्करोग परत येणार की नाही, हे आता एका प्रथिनावरून कळणार. खाली भाच्याची ओळ: "आत्या, बाबांचं हे प्रथिन तपासलंय का? नसेल तर का नाही?"

त्याचे बाबा म्हणजे माझा मोठा भाऊ. दादाची गाठ गुदद्वारापासून सात सेंटिमीटरवर आहे. केमो आणि रेडिएशन संपून पाच आठवडे झाले, शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. अशा घरात असा मथळा रात्री सव्वाअकराला काय करतो, हे आपल्याला सांगायला नको. भाचा पहाटेपर्यंत जागा होता आणि मीही.

मी डॉक्टर नाही. हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे तंत्रज्ञ होते, त्यातली शेवटची अठरा वर्षे 'इम्युनो'च्या, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिने रंगवण्याच्या, टेबलावर. बातमीतले 'प्रथिनाचे प्रमाण' ज्या स्लाइडवर पाहतात ती स्लाइड तयार करणे हेच माझे काम. म्हणून भाच्याला जे फोनवर सांगितले, ते जरा विस्ताराने आपल्याला लिहिते आहे. पत्र लांबले आहे. छापताना कापावे लागेल हे ठाऊक आहे, फक्त बायोप्सीचा भाग कापू नका.

आधी हे प्रथिन 'दिसते' कसे, ते. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात आणि मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मेण उतरवले की काप विशिष्ट द्रावणात उकळावा लागतो, कारण फॉर्मॅलिनने प्रथिने एकमेकांना जखडून ठेवलेली असतात. ती जरा मोकळी झाली की ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी वर सोडायची. ती चिकटली की तिच्या मागोमाग एक विकर (एन्झाइम) आणून बसवायचे आणि शेवटी एक रसायन घालायचे, ज्याचा त्या विकराच्या जागी तपकिरी रंग होतो. बाकीच्या पेशींना हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग. म्हणजे डॉक्टर सूक्ष्मदर्शकात पाहतात तेव्हा त्यांना प्रथिन दिसत नसते, दिसतो तो तपकिरी रंग. तो किती गडद, किती पेशींत, केंद्रकात की पेशीच्या कडेला, यावरून प्रथिन किती आहे याचा अंदाज करायचा. एकाच प्रथिनाला ओळखणारी अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये काढली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्या जिवावर माझ्यासारख्या कितीजणींची नोकरी चालली.

या तपकिरी रंगाचा भरवसा किती धरायचा, याचा माझा स्वतःचा धडा सांगते. एकदा सकाळच्या घाईत मी उकळण्याची दोन द्रावणे अदलाबदल केली. जिथे नऊ पीएचचे हवे होते तिथे सहाचे गेले. दुपारी स्लाइड्स आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर गेल्या आणि पाच मिनिटांत बोलावणे आले. "गाठीत एमएसएच६ दिसत नाही. पण लिम्फोसाइट्स बघितलेस का?" एमएसएच६ हे डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांपैकी एक, त्याविषयी पुढे लिहितेच. गाठीच्या अवतीभोवती रुग्णाच्या निरोगी पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांत हे प्रथिन असतेच असते. त्याही फिक्या होत्या. प्रथिन गाठीतून गेले नव्हते, माझ्या भांड्यातून गेले होते. सगळी बॅच फेकून पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी तीच गाठ छान तपकिरी. मॅडमनी त्या निरोगी पेशींकडे पाहिले नसते, तर एका माणसाच्या रिपोर्टवर 'प्रथिन अनुपस्थित' असे छापले गेले असते आणि त्याच्या मुलाबाळांना आनुवंशिक आजाराच्या तपासण्यांसाठी धाडले गेले असते.

चूक नसली तरी फरक पडतोच. तुकडा शरीराबाहेर निघाल्यावर फॉर्मॅलिनमध्ये जायला किती वेळ लागला, फॉर्मॅलिनमध्ये सहा तास राहिला की चार दिवस, अँटिबॉडी कुठल्या वाणाची, किती पातळ केलेली. बरे, रंग नीट आला तरी पुढे तो मोजायचा असतो. एक पद्धत अशी की रंगाच्या गडदपणाला शून्य ते तीन गुण द्यायचे, त्याला तेवढा रंग असलेल्या पेशींच्या टक्क्यांनी गुणायचे आणि बेरीज करायची. शून्य ते तीनशेमध्ये आकडा येतो. कागदावर हे फार काटेकोर दिसते. प्रत्यक्षात एका डॉक्टरांचा 'दोन' हा शेजारच्या डॉक्टरांचा 'एक' असतो, हे मी त्यांच्या खुर्च्यांमागे उभी राहून शेकडो वेळा ऐकले आहे.

मग 'जास्त' आणि 'कमी' यांच्यात रेघ कुठे मारायची? इथे खरी गोम आहे. पी५३ या प्रथिनाचेच घ्या. १९७९ मध्ये ते सापडले तेव्हा ते कर्करोग वाढवणारे आहे असा समज होता. दहा वर्षांनी कळले की ते उलट कर्करोगाला आवर घालणारे आहे. आतड्याच्या आणि गुदाशयाच्या गाठींत त्याचा जनुक फार वेळा बिघडलेला असतो, त्यामुळे पुढे त्यावर निबंधांचा पाऊस पडला. कोणी पाच टक्के पेशी तपकिरी असल्या की 'पॉझिटिव्ह' म्हणे, कोणी दहा, कोणी पन्नास. एकाला पॉझिटिव्ह रुग्ण लवकर दगावताना दिसले, दुसऱ्याला काहीच फरक दिसला नाही. आणि गंमत म्हणजे मूळ हिशेबातच एक भोक होते. निरोगी पी५३ पेशीत काही मिनिटेच टिकते, म्हणून त्याचा रंग फिकट आणि तुरळक येतो. जनुक बिघडला की बहुधा प्रथिन साचते आणि सगळी केंद्रके गडद होतात. पण काही बिघाड असे असतात की प्रथिन बनतच नाही, आणि स्लाइड अगदी स्वच्छ निळी दिसते. या स्वच्छ गाठी जुन्या अभ्यासांत 'निगेटिव्ह' म्हणून निरोगी पी५३ असलेल्या गाठींच्याच पंगतीला बसवल्या गेल्या. आम्हीही कित्येक वर्षे त्यांना निगेटिव्हच लिहीत होतो. आता 'गडद', 'पूर्ण अनुपस्थित' आणि 'सामान्य' असे वेगळे लिहितात.

रेघ आधी न ठरवता, आकडे हाती आल्यावर जिथे फरक सर्वांत मोठा दिसतो तिथे ती मारली, तर जवळजवळ कुठलेही प्रथिन भविष्य सांगू लागते. त्यात ज्या अभ्यासात काही सापडले तो छापला जातो आणि ज्यात काही सापडले नाही तो कपाटात राहतो. हे तज्ज्ञांना माहीत नाही असे नव्हे. अशा अभ्यासांत काय काय उघड सांगायलाच हवे, रेघ कशी ठरवली हेसुद्धा, याची 'रिमार्क' नावाची मार्गदर्शक सूची २००५ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. आरोग्यपानावर लिहिणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी ती एकदा नजरेखालून घालावी, एवढीच विनंती.

आता दादाच्या आजाराकडे येते, कारण गुदाशयाची गोष्ट इतर अवयवांपेक्षा वेगळी आहे आणि आपल्या बातमीत नेमके तेच नव्हते.

मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातली गाठ बहुतेक वेळा आधी कापून काढतात. अख्खी गाठ प्रयोगशाळेत येते, हवे तेवढे ब्लॉक करता येतात. गुदाशय मात्र ओटीपोटाच्या अरुंद खोबणीत, मूत्राशय आणि मज्जातंतूंना खेटून असतो. गाठ भिंतीबाहेर आली असेल तर आधी रेडिएशन, बरोबर किंवा पाठोपाठ केमो, आणि मग शस्त्रक्रिया. हा क्रम उगाच नाही आला. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, उपचार शस्त्रक्रियेआधी दिलेल्यांमध्ये गाठ त्याच जागी परतण्याचे प्रमाण पाच वर्षांत सहा टक्के होते, नंतर दिलेल्यांमध्ये तेरा टक्के.

पण प्रयोगशाळेच्या बाजूने याचा अर्थ असा की उपचारांचा हात न लागलेली गाठ आम्हाला एकदाच भेटते, ती दुर्बिणीतून काढलेल्या बायोप्सीत. तांदळाच्या दाण्याएवढे चार-सहा तुकडे, तेही गाठीच्या आतड्यात डोकावणाऱ्या पृष्ठभागाचे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजतो. गाठ तशी नसते. तिची सगळ्यात दांडगी बाजू खाली, जिथे ती भिंतीत घुसते आहे तिथे असते. त्या कडेला सुट्या झालेल्या चार-दोन पेशींचे झुबके किती आहेत, हेही डॉक्टर मोजतात. बायोप्सीच्या चिमट्यात ती कड सहसा येतच नाही. प्रथिन वर एक आणि खाली भलतेच असू शकते.

बरे, शस्त्रक्रियेनंतर अख्खा नमुना मिळतो, तेव्हा तपासा म्हणावे, तर तोवर रेडिएशनने गाठीचे रूप पालटलेले असते. कित्येकदा गाठीच्या जागी नुसता व्रण आणि चिकट द्रवाची तळी सापडतात. पंधरा-वीस टक्के रुग्णांत तर कर्करोगाची एकही पेशी उरत नाही. मी स्वतः अशा एकेका नमुन्याचे तीस-तीस ब्लॉक कापले आहेत आणि काही सापडले नाही म्हणून मनातून आनंदले आहे. ज्यांच्यात पेशी उरतात, त्या मार खाऊन उरलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यातली प्रथिने मूळ गाठीचा सूर लावतीलच असे नाही. वर ज्या एमएसएच६चा किस्सा सांगितला, त्याचा रंग तर केमो-रेडिएशननंतर फिका पडतो किंवा केंद्रकाच्या एका ठिपक्यापुरता उरतो, हे आता नोंदवले गेलेले आहे. नवख्या डोळ्याला ते प्रथिन गेल्यासारखेच वाटते.

तेव्हा 'अमुक प्रथिन जास्त असले तर कर्करोग परततो' हे वाक्य गुदाशयाच्या बाबतीत अर्धेच आहे. जास्त कधी? उपचाराआधीच्या शितात, की उपचारानंतरच्या उरल्यासुरल्यात? दोन्ही अभ्यास वेगळे आणि उत्तरेही वेगळी येऊ शकतात. आपल्या बातमीत या प्रश्नाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

भाच्याने फोनवर विचारले, "मग काहीच कळत नाही का?" कळते की. आणि तेही फार साध्या गोष्टींवरून. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या गाठींचे तीन वर्ग केले: भिंतीच्या आत आहे ती, भिंत ओलांडलेली, आणि लसिकाग्रंथींत पोचलेली. कसली अँटिबॉडी नाही की काही नाही. नाव बदलले, बारकावे वाढले, पण आजही रुग्णाचे पुढे काय होईल याचा सर्वांत भक्कम अंदाज याच प्रश्नांवर उभा आहे. दुसरी गोष्ट कडेची. १९८६ मध्ये लीड्सच्या फिलिप क्वर्क आणि सहकाऱ्यांनी ५२ रुग्णांचे काढलेले गुदाशय आडवे, पातळ काप करून सगळे तपासले. १४ जणांत कर्करोग बाजूच्या कापलेल्या कडेपर्यंत पोचला होता, आणि त्यातल्या १२ जणांत तो ओटीपोटात परत आला. तोवर लोक वरची आणि खालची टोके तपासून निर्धास्त होत होते! तेव्हापासून नमुन्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावायची, चकत्या पाडायच्या आणि गाठ शाईपासून किती मिलिमीटर दूर आहे ते मोजायचे. एक मिलिमीटर किंवा कमी म्हणजे कर्करोग कडेपर्यंत पोचला असे धरायचे. ही शाई लावण्याचे काम मी अनेक वर्षे केले. हाताला महिनोन्महिने डाग असत. शाईतले ते मिलिमीटर आणि किमान बारा लसिकाग्रंथी शोधण्याची चिकाटी यांनी जेवढे भविष्य सांगितले आहे, तेवढे माझ्या शीतकपाटातल्या अँटिबॉडीच्या बहुतेक बाटल्यांनी सांगितलेले नाही. दादाच्या शस्त्रक्रियेनंतर रिपोर्टमध्ये पहिल्यांदा काय बघायचे, ते मी भाच्याला हेच सांगितले आहे. कड आणि ग्रंथी.

प्रथिनांमागे धावणाऱ्यांचा हेतू खोटा नाही, हेही लिहिले पाहिजे. एकाच टप्प्याच्या, म्हणजे गाठ तेवढीच पसरलेल्या, दोन रुग्णांपैकी एक ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याला दोन वर्षांत यकृतात गाठी होतात, हे टप्पा सांगू शकत नाही. ती उणीव भरून काढायला गुदाशयाच्या कर्करोगात प्रामाणिक प्रयत्न झाले. थायमिडिलेट सिंथेस नावाचे एक विकर आहे. फाइव्ह-एफयू हे आतड्याच्या कर्करोगाचे जुने औषध त्यालाच जायबंदी करते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत जपलेल्या, गुदाशयाच्या २९४ रुग्णांच्या ब्लॉक्सवर हे प्रथिन रंगवून पाहिले गेले. ज्यांच्यात ते जास्त होते त्यांचे पुढचे दिवस वाईट गेले. तर्क सरळ, रुग्ण भरपूर, चाचणी नीट आखलेली. तरीही पुढचे अभ्यास एकमेकांशी जुळले नाहीत आणि तीस वर्षांनंतरही कुठल्या रुग्णाला काय द्यायचे हे या रंगावरून ठरत नाही.

ईजीएफआरची कहाणी तर मी टेबलावरून पाहिली. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगावर सेटुक्सिमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ते गाठीवर ईजीएफआर हे प्रथिन दिसले पाहिजे या अटीवर. ऐकायला किती पटण्याजोगे! औषध त्या प्रथिनालाच जाऊन चिकटते, मग प्रथिन नसेल तर औषध काय करणार? आमच्याकडे ईजीएफआरच्या मागण्यांची रीघ लागली. पण ज्यांच्या गाठी रंगल्याच नाहीत त्यांतल्याही काहींना औषध लागू पडू लागले, आणि ज्यांच्या छान रंगल्या त्यांतल्या अनेकांना नाही. २००८ च्या सुमारास उलगडा झाला की खरा निकाल केरास या जनुकात आहे. तो बिघडलेला असेल तर औषध व्यर्थ. मागण्या बंद झाल्या. अँटिबॉडीची अर्धी बाटली आमच्या शीतकपाटात मुदत संपेपर्यंत तशीच होती, शेवटी मीच टाकली. ज्या रुग्णांना 'तुमच्यात ते प्रथिन नाही' असे सांगून परत पाठवले असेल, त्यांचा विचार मात्र बाटलीबरोबर टाकता आला नाही.

इथे एक फरक करायला हवा, जो आपल्या बातमीत मिसळून गेला होता. काही खुणा सांगतात की आजार किती दांडगा आहे. काही खुणा सांगतात की अमुक औषध या माणसाला लागू पडेल. पहिली खूण कळली तरी करायचे काय, हा प्रश्न उरतोच. दादाच्या गाठीत 'वाईट' प्रथिन निघाले असते, तर त्याचे रेडिएशन वाढवले असते का? नाही. शस्त्रक्रिया बदलली असती का? नाही. फक्त घरातल्या तिघांची झोप गेली असती. आणि 'धोका दुप्पट' हे शब्द तर मथळ्यात फारच सहज बसतात. शंभरातल्या पाचांचे दहा झाले तरी दुप्पट, आणि तिसांचे साठ झाले तरी दुप्पट. शिवाय हे गटाचे गणित असते. 'चांगल्या' गटातलेही काही लोक लवकर जातात, 'वाईट' गटातलेही कित्येक वर्षानुवर्षे भेटत राहतात. मी दोन्ही प्रकारच्या लोकांचे ब्लॉक नंबर आजही सांगू शकते.

आता जे खरोखर उपयोगाचे आहे आणि आपल्या पानावर मी अजून ठळक वाचलेले नाही, ते लिहिते. चार प्रथिने आहेत: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करते, तेव्हा होणाऱ्या लहान चुका दुरुस्त करणारी ही टोळी. ती जोडीने काम करते. एमएलएच१ गेले की पीएमएस२ जाते, एमएसएच२ गेले की एमएसएच६ जाते. इथे टक्के आणि गडदपणाची वादावादी जवळजवळ नाही: केंद्रकांत रंग आहे किंवा अजिबात नाही, आणि ताडून पाहायला शेजारच्या निरोगी पेशी हजर. माझ्या टेबलावरच्या तपासण्यांत एवढी सरळ तपासणी दुसरी क्वचितच असेल.

गुदाशयाच्या गाठींत ही दुरुस्ती-प्रथिने गेलेले रुग्ण थोडे, शंभरात पाच-दहा, काही ठिकाणी त्याहून कमी. पण त्या थोड्यांसाठी सगळे चित्र पालटते. दुरुस्ती बंद पडल्याने त्यांच्या गाठींत चुकांचा ढीग साचतो, पेशी चमत्कारिक प्रथिने बनवू लागतात आणि शरीराच्या संरक्षक पेशींना त्या परक्या म्हणून ओळखता येतात. फक्त त्या संरक्षक पेशींना लागलेला ब्रेक सोडवावा लागतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने अशा १२ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. सहा महिने डोस्टार्लिमॅब हे ब्रेक सोडवणारे औषध, दर तीन आठवड्यांनी. बाराच्या बारा जणांत तपासणीत गाठ दिसेनाशी झाली. रेडिएशन नाही, शस्त्रक्रिया नाही. २०२५ मध्ये त्यांनीच गुदाशयाच्या ४९ रुग्णांचे निकाल मांडले आणि त्या सगळ्यांत तेच घडले. पुढची वर्षे काय दाखवतात ते पाहावे लागेल, पण गुदाशय जाणे म्हणजे काय, पोटावर पिशवी असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना या आकड्यांचे वजन सांगावे लागत नाही.

अडचण एवढीच की ही चार प्रथिने पाहायची असतील तर ती पहिल्या बायोप्सीवर, उपचार सुरू होण्याआधी पाहिली पाहिजेत. रेडिएशन झाल्यावर कळले, तर ते टाळण्याची संधी गेलेली असते. आणि वर म्हटले तसे तेव्हा रंगही फसवू शकतो. शिवाय ही प्रथिने गेली असतील तर लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असण्याची शक्यता असते, आणि गुदाशयाच्या गाठींत ती विशेष. तो दोष सापडला तर भावंडे आणि मुले यांची वेळेवर तपासणी करून पुढचा कर्करोग थोपवता येतो. एवढ्याशा तुकड्यात एवढे भरलेले असते.

दादाचे काय? निदान झाले त्याच आठवड्यात मी ही तपासणी मागितली होती. डॉक्टर म्हणाले, आम्ही करतोच. चारही शाबूत निघाली. रिपोर्ट हातात आला तेव्हा दादाने विचारले, "शाबूत म्हणजे चांगलं ना?" मी हो म्हणाले आणि लगेच गप्प झाले. चांगले अशासाठी की भाच्यावर आनुवंशिक टांगती तलवार बहुधा नाही, तरी बापाला झालाय म्हणून त्याने दुर्बिणीची तपासणी इतरांपेक्षा लवकर करून घ्यायची आहेच. आणि तसे चांगले नाही, कारण ते नवे औषध दादासाठी नव्हते. त्याला जुन्या वाटेनेच जावे लागले. हे त्याला मी नंतर सांगितले. तो म्हणाला, "मग आधी हो का म्हणालीस?" एकतीस वर्षे स्लाइड्स वाचणाऱ्यांच्या सोबत काढूनही या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही.

दादाच्या रक्तातले सीईए मात्र दर काही महिन्यांनी तपासले जाणार आहे. हेसुद्धा प्रथिनच, १९६५ पासून माहीत असलेले. एकट्याने ते निदान करत नाही, धूम्रपान करणाऱ्यांत उगाच वाढलेले दिसते, पण शस्त्रक्रियेनंतर खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला तर शोध घ्यायला लावते. जुने, साधे, मर्यादा ठाऊक असलेले. मथळ्यात यायला नालायक.

संपादक महोदय, आपण अशा बातम्या देऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. द्याव्यात, पण भविष्य सांगणारे प्रथिन छापताना ते उपचाराआधीच्या बायोप्सीत पाहिले की शस्त्रक्रियेच्या नमुन्यात, किती रुग्णांत, दुसऱ्या कुणी दुसऱ्या रुग्णांत पडताळले का, आणि त्यावरून उपचार बदलतो का, एवढे चार ओळींत यावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तेही छापावे. आणि जमले तर एखाद्या रविवारी त्या चार दुरुस्ती-प्रथिनांवर लिहा. गुदाशयाची गाठ निघालेल्या कुणाही वाचकाने उपचारांच्या पहिल्या दिवसाआधी डॉक्टरांना "ही तपासणी बायोप्सीवर झाली का?" एवढे विचारले तरी पुरे. मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो. तो कुठे आहे आणि त्याचा क्रमांक काय, हे घरच्या फाइलमध्ये असू द्यावे. उद्या एखादे प्रथिन खरोखर कसोटीला उतरले, तर ते त्याच ब्लॉकमध्ये शोधावे लागेल. इतर कुठल्याच तुकड्यात गाठ पहिल्यासारखी उरलेली नसेल.

भाच्याने काल दादाच्या ब्लॉकचा क्रमांक प्रयोगशाळेतून विचारून आणला. आपल्या बातमीचे कात्रण फाइलमध्ये होतेच, त्याच्याच कोऱ्या समासात लिहून ठेवला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ
(नाव छापू नये, ही विनंती)